कोरा रकाना आणि ‘नाही’ हा शब्द

गेल्या पावसाळ्यात माझ्या थोरल्या बहिणीला, आमच्या ताईला, मूत्रमार्गाच्या संसर्गामुळे तीन दिवस रुग्णालयात ठेवावे लागले. ताईचे वय अठ्ठ्याहत्तर. दुसऱ्या दिवशी सकाळी परिचारिका गोळी घेऊन आली, तेव्हा ताईने आपल्या सवयीप्रमाणे औषधाचे नाव विचारले. नाव ऐकताच ती म्हणाली, “बाई, ही गोळी मला चालत नाही. मागे तुमच्याच दवाखान्यात हिच्यामुळे अंगभर चट्टे उठले होते, ओठ सुजले होते.” परिचारिकेने लगेच संगणकावर पाहिले आणि अदबीने सांगितले, “आजी, इथं तर ॲलर्जी ‘नाही’ असंच दाखवतंय.”

गोळी थांबली. डॉक्टरांनी दुसरे औषध दिले आणि ताई बरी होऊन घरी आली. परंतु तो ‘नाही’ शब्द माझ्या मनातून जाईना. मी चौकशी केली, तेव्हा उलगडा झाला. ताईच्या नावाच्या तेथे दोन नोंदी होत्या. चार वर्षांपूर्वीच्या नोंदीत आडनाव एका पद्धतीने लिहिलेले होते, या खेपेच्या नोंदीत दुसऱ्या पद्धतीने. जुन्या नोंदीत सल्फा वर्गातील औषधांची ॲलर्जी स्पष्टपणे लिहिलेली होती. नव्या नोंदीत तो रकाना कोणी भरलाच नव्हता; आणि रकाना कोरा राहिला की ती संगणकप्रणाली आपण होऊन तेथे ‘नाही’ असा शब्द दाखवीत होती.

माझे सारे आयुष्य बँकेत गेले. आमच्याकडे एखाद्या विवरणपत्रात सांगण्यासारखे काही नसेल, तर तेथे ‘निरंक’ असे लिहून खाली सही करावी लागे. रकाना कोरा सोडला तर तपासनीस तो कागद परत करीत. कारण ‘निरंक’ म्हणजे पाहिले, विचारले आणि काही नाही याची खात्री केली. कोरा म्हणजे विचारलेच नाही. या दोहोंमधील अंतर व्यापाऱ्याच्या दिवाणजीलाही ठाऊक असते. लाखो रुपये खर्चून घेतलेल्या त्या प्रणालीला मात्र ते ठाऊक नव्हते. त्या परिचारिकेचा दोष किती आणि प्रणालीचा किती, हा प्रश्न मला या विषयाच्या अभ्यासाकडे घेऊन गेला.

वापरसुलभता म्हणजे काय?

संगणकप्रणाली वापरणाऱ्याला कितपत मानवते, याला ‘वापरसुलभता’ म्हणता येईल. ही केवळ आवडीनिवडीची बाब नाही. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या ९२४१ या मानकमालिकेतील अकराव्या भागात तिची व्याख्या दिलेली आहे. हा भाग १९९८ मध्ये प्रथम निघाला आणि २०१८ मध्ये सुधारला गेला. विशिष्ट माणसांना, विशिष्ट कामासाठी, विशिष्ट परिस्थितीत ती वस्तू वापरताना तीन गोष्टी पाहाव्यात, असे तो सांगतो. काम अचूक व पूर्ण झाले का? त्यासाठी वेळ आणि श्रम किती लागले? आणि वापरणाऱ्याचे समाधान झाले का?

या व्याख्येतील ‘विशिष्ट परिस्थिती’ हे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. औषधाची आठवण देणाऱ्या एका ॲपमध्ये ‘रात्रीच्या जेवणानंतर’ म्हणजे नऊ वाजता, असे आधीच ठरवून ठेवलेले मी पाहिले. आपल्यातील अनेक कुटुंबांत सूर्यास्तापूर्वी भोजन होते. मधुमेहाच्या काही गोळ्यांचा जेवणाच्या वेळेशी थेट संबंध असतो. अशा घरातील वृद्ध माणूस नऊच्या घंटेप्रमाणे गोळी घेऊ लागला, तर ते ॲप बनविणाऱ्याच्या दृष्टीने बिनचूक चालले असेल; परंतु त्या घरासाठी ते घातक ठरू शकते. वेळ बदलण्याची सोय त्यात होती, पण ती सहाव्या पडद्यावर.

बँकेच्या जगातील एक उदाहरण देतो. आरंभीच्या काळातील काही एटीएम यंत्रे आधी पैसे देत आणि नंतर कार्ड परत करीत. पैसे हाती आले की माणसाच्या मनातील काम संपते. तो पाठ फिरवून निघून जाई आणि कार्ड यंत्रातच राही. ‘ग्राहक विसराळू आहेत’ असे म्हणून फलक लावता आले असते. त्याऐवजी क्रम बदलला गेला : आधी कार्ड काढा, मग पैसे मिळतील. माणसाचा स्वभाव गृहीत धरून यंत्र सुधारले.

साडेअडतीस गोळ्या

पैशाची चूक ताळमेळात सापडते आणि उलटी नोंद करून ती दुरुस्तही करता येते. औषधाच्या चुकीला उलटी नोंद नसते. याचे एक बोलके उदाहरण अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात २०१३ मध्ये घडले. तेथीलच ज्येष्ठ डॉक्टर रॉबर्ट वॉक्टर यांनी ‘द डिजिटल डॉक्टर’ या २०१५ मधील ग्रंथात ते प्रांजळपणे मांडले आहे.

सोळा वर्षांच्या एका मुलाला सल्फायुक्त प्रतिजैविकाची १६० मिलिग्रॅमची एक गोळी द्यायची होती. मुलाचे वजन ३८.६ किलो. वजन ४० किलोंपेक्षा कमी असल्यास मात्रा दर किलोमागे लिहावी, असा तेथील नियम होता. डॉक्टरांनी तशी लिहिली. हिशेबाने आलेला आकडा आणि गोळीची मात्रा यांत थोडा फरक पडल्याने औषध विभागाने नेमकी मात्रा पुन्हा नोंदवण्यास सांगितले. डॉक्टरांनी १६० हा आकडा टाकला. पण त्या रकान्याचे एकक अजूनही ‘दर किलोमागे मिलिग्रॅम’ हेच होते. संगणकाने आज्ञाधारकपणे १६० ला ३८.६ ने गुणले. एका गोळीच्या साडेअडतीस गोळ्या झाल्या.

प्रणालीने धोक्याची सूचना दिली होती. परंतु तशा सूचना दिवसभर येतच असत आणि त्यांपैकी बहुतेक निरर्थक असत. डॉक्टरांनी ती बाजूला सारली, औषध विभागानेही सारली. यंत्रमानवाने गोळ्या निमूटपणे भरल्या. परिचारिकेला आकडा विचित्र वाटला, पण पट्टीवरील संकेत तपासला तर संगणकाने ‘बरोबर’ म्हटले. मुलाने गोळ्या घेतल्या. काही तासांनी त्याला झटका आला. सुदैवाने तो वाचला.

हे वाचताना मला बँकेतील ‘एकाने नोंद करायची, दुसऱ्याने मंजूर करायची’ ही पद्धत आठवली. येथे तर दोन नव्हे, चार टप्पे होते आणि चारही पार झाले. कारण प्रत्येकाला वाटले की आधीच्याने पाहिले असेल आणि यंत्र तर चुकणारच नाही. शंभर सह्यांच्या गठ्ठ्यात एक खोटे व्हाउचर दडावे, तशी खरी सूचना खोट्या सूचनांच्या गठ्ठ्यात दडली होती. आकडा आणि एकक यांची अशी गफलत होऊ देणारा पडदा, हाच त्या चुकीचा उगम होता.

हे एकट्यादुकट्याचे दुर्दैव नव्हे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील रॉस कॉपेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका मोठ्या रुग्णालयातील औषधनोंद प्रणालीचा अभ्यास करून २००५ मध्ये तो प्रसिद्ध केला. चुका टाळण्यासाठी आणलेल्या त्या प्रणालीने औषधांच्या चुकांना वाव देणारे २२ प्रकार त्यांना आढळले. एका रुग्णाची सारी औषधे पाहण्यासाठी कधी कधी वीस पडदे उलगडावे लागत. आणखी एक प्रकार आपल्या व्यापारी वाचकांच्या चटकन लक्षात येईल. औषध विभागाकडे गोळी ज्या मापात साठवलेली असे, ते माप पडद्यावर दिसे आणि डॉक्टरांना तीच नेहमीची मात्रा वाटे. गोदामातील पोत्याचे वजन पाहून गिऱ्हाइकाची गरज ठरवावी, त्यातलाच हा प्रकार!

त्याच वर्षी पिट्सबर्गच्या बालरुग्णालयातील अभ्यास प्रसिद्ध झाला. अन्य ठिकाणांहून तेथे हलवलेल्या मुलांमधील मृत्यूचे प्रमाण नवी प्रणाली आल्यानंतरच्या काळात २.८० टक्क्यांवरून ६.५७ टक्क्यांवर गेल्याचे त्यात दिसले. मूल दाखल होण्यापूर्वी औषधाची नोंद करता येत नव्हती आणि त्यात मोलाची मिनिटे जात होती. पण पुढच्याच वर्षी सिअॅटलच्या बालरुग्णालयाने तीच प्रणाली वापरूनही मृत्यूंत वाढ झाली नसल्याचे दाखवले. म्हणजे वस्तू तीच. ती कशी बसवली, कोणाला विचारून बसवली आणि कामाच्या ओघाशी कशी जुळवली, यावर परिणाम अवलंबून राहिला.

आपल्याकडील धडा

आपण सर्वांनी अनुभवलेली आरोग्य माहितीप्रणाली म्हणजे ‘कोविन’. १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले आणि जुलै २०२२ मध्ये २०० कोटी मात्रांचा टप्पा गाठला गेला. इतक्या अफाट व्याप्तीचे काम या प्रणालीने पेलले, हे निःसंशय कौतुकास्पद आहे. तरीही तिचा पहिला काळ आठवून पाहा. २८ एप्रिल २०२१ रोजी १८ ते ४४ वयोगटासाठी नोंदणी खुली झाली. सुरुवातीस या गटाला आगाऊ ऑनलाइन वेळ घेतल्याशिवाय लस मिळत नव्हती. संकेतस्थळ इंग्रजीत होते. ज्यांची बोटे जलद त्यांना वेळ मिळे. बाकीचे हताशपणे पडदा पाहत बसत. आमच्या इमारतीतील दोन महाविद्यालयीन मुले त्या दिवसांत साऱ्या वडीलधाऱ्यांची कारकून झाली होती.

मेअखेरीस सर्वोच्च न्यायालयाने या डिजिटल दरीकडे लक्ष वेधले. त्याच सुमारास सरकारी केंद्रांवर प्रत्यक्ष जाऊन नोंदणीची मुभा मिळाली आणि जूनमध्ये मराठीसह अन्य भारतीय भाषा आल्या. आणखी एक सुधारणा मला उद्बोधक वाटते. वेळ घेऊनही केंद्रावर न गेलेल्या काही जणांना ‘आपणांस लस दिली आहे’ असे संदेश येत होते. लसीकरण करणाऱ्याच्या हातून चुकीच्या नावापुढे खूण होत असे. तेव्हा ८ मेपासून चार अंकी संकेतांक सुरू झाला. तो सांगितल्याशिवाय नोंद पुढे जात नसे. पुढे प्रमाणपत्रातील नाव, जन्मवर्ष दुरुस्त करण्याचीही सोय झाली. प्रणाली सुधारू शकते, हे यातून दिसले. मात्र या सुधारणा लाखो लोकांनी त्रास सोसल्यानंतर झाल्या. तो त्रास आधीच कळण्याचा काही मार्ग आहे काय?

मूल्यमापनाच्या तीन रीती

मार्ग आहेत, आणि ते महागही नाहीत. पहिली रीत तज्ज्ञांकडून पाहणीची. याकोब नील्सन आणि रोल्फ मोलिक यांनी १९९० मध्ये ती मांडली आणि नील्सन यांनी १९९४ मध्ये तिला दहा तत्त्वांचे रूप दिले. प्रणाली आपण काय करीत आहे हे दाखवते का? वापरणाऱ्याच्या भाषेत बोलते का? चूक झाल्यास मागे फिरता येते का? चूक होण्यापूर्वीच अडवते का? अशा कसोट्यांवर जाणकार माणूस प्रत्येक पडदा तपासतो.

दुसरी रीत प्रत्यक्ष निरीक्षणाची. जो माणूस उद्या ती प्रणाली वापरणार, त्याला खरे काम द्यायचे आणि शेजारी गप्प बसून पाहायचे. सूचना द्यायची नाही, मदत करायची नाही. तो कोठे अडखळतो, कोठे चुकतो आणि किती वेळ लागतो, एवढेच टिपायचे. एकाच प्रकारचे काम करणाऱ्या पाच जणांना असे पाहिले, तर सुमारे ८५ टक्के अडचणी दिसून येतात, असा नील्सन यांचा हिशेब आहे. तो सर्वत्र तंतोतंत लागू पडेल असे नाही. परंतु पाच जणांना पाहणे हे कोणालाही न पाहण्यापेक्षा केव्हाही श्रेयस्कर.

तिसरी रीत प्रश्नावलीची. जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये दहा विधानांची एक सोपी प्रश्नावली तयार केली. विधाने आलटून पालटून अनुकूल व प्रतिकूल असतात आणि प्रत्येकास एक ते पाच असे गुण द्यायचे. विषम क्रमांकाच्या विधानांच्या गुणांतून एक वजा करायचा, सम क्रमांकाचे गुण पाचातून वजा करायचे, साऱ्यांची बेरीज करून अडीचने गुणायचे. शंभरपैकी गुण मिळतात. ही टक्केवारी नव्हे. अनेक प्रणालींची सरासरी ६८ च्या आसपास येते. अमेरिकेतील डॉक्टरांनी आपल्या संगणकीय रुग्णनोंद प्रणालींना सरासरी ४५.९ गुण दिल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. ज्यांना प्रणाली कमी सोयीची वाटली, त्या डॉक्टरांमध्ये कामाचा शीणही अधिक आढळला.

आमचा छोटा प्रयोग

निवृत्तीनंतर मी एका धर्मादाय दवाखान्याच्या हिशेबात मदत करतो. तेथे नवी प्रणाली घेण्याचे ठरले आणि दोन कंपन्यांनी प्रात्यक्षिके दिली. दोन्ही देखणी होती. विश्वस्तांची चर्चा नेहमीप्रमाणे किंमत, हप्ते आणि देखभाल खर्च यांवर आली. मी विनंती केली, “प्रतिनिधीने स्वतः बटणे दाबून दाखवली. आता आपल्या माणसांना दाबू द्या. धान्याचा सौदा आपण मूठभर नमुना हातात घेतल्याशिवाय करीत नाही.”

विश्वस्तांनी मान्य केले. खिडकीवर आळीपाळीने बसणारे पाच जण आणि दवाखान्यात येणारे पाच डॉक्टर आम्ही निवडले. खिडकीवरच्यांना काम दिले : ही व्यक्ती दोन वर्षांपूर्वी येऊन गेली आहे, तिची जुनी नोंद शोधा. नाव मुद्दाम थोड्या वेगळ्या पद्धतीने लिहून दिले. डॉक्टरांना काम दिले : या रुग्णाला कोणते औषध चालत नाही ते पाहा आणि चुकून लिहिलेली मात्रा दुरुस्त करा. कागद, पेन आणि घड्याळ, एवढेच आमचे साहित्य होते.

पहिल्या, स्वस्त प्रणालीत पाचांपैकी चौघांनी जुनी नोंद न सापडल्याने नवी नोंद केली. ताईचीच कथा माझ्या डोळ्यांसमोर घडत होती. दोन डॉक्टरांना ॲलर्जीची माहिती सापडलीच नाही. ‘जतन करा’ आणि ‘रद्द करा’ ही बटणे शेजारी, एकाच रंगाची होती. एकाची दहा मिनिटांची मेहनत वाया गेली. दुसऱ्या प्रणालीत मिळतीजुळती नावे आपोआप पुढे येत होती आणि ॲलर्जी प्रत्येक पडद्याच्या माथ्यावर लाल पट्टीत दिसत होती. मात्र तिथेही कोरा रकाना ‘नाही’ असाच दिसत होता!

आम्ही दुसरी निवडली, पण सुधारणा लेखी मागून. ॲलर्जीच्या रकान्याला तीन पर्याय हवेत : ‘आहे’, ‘विचारले, नाही’ आणि ‘विचारलेले नाही’. शेवटचा हप्ता फेरचाचणीनंतर द्यायचा, अशी अट करारात घातली. कंपनीने सुरुवातीस कुरकुर केली. तीन आठवड्यांत बदल करून दिला.

विश्वस्तांना आणि कुटुंबांना

आपल्या समाजातील अनेक जण रुग्णालये, रोगनिदान केंद्रे, फिरते दवाखाने यांचे विश्वस्त वा देणगीदार आहेत. त्यांना माझे सांगणे इतकेच की, यंत्रासाठी देणगी देताना वापरसुलभतेच्या चाचणीची अट घाला. प्रात्यक्षिकात आपल्याच कर्मचाऱ्याला बसवा. त्यातही सर्वांत हुशार नको, सर्वांत नवखा बसवा. रात्रपाळीच्या परिचारिकेला विचारा. वीज वा इंटरनेट गेल्यावर काय करायचे, ते करून दाखवायला सांगा. आणि प्रणाली सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी पुन्हा पाहा. कारण माणसे गैरसोयीला सरावतात आणि तक्रार करणे सोडून देतात.

राष्ट्रीय पातळीवर आयुष्मान भारत डिजिटल अभियान २०२१ पासून देशभर सुरू आहे आणि ‘आभा’ या १४ अंकी क्रमांकाने एका व्यक्तीच्या निरनिराळ्या ठिकाणच्या आरोग्यनोंदी तिच्या संमतीने जोडता येतात. दुहेरी नोंदींवर हा चांगला उपाय ठरू शकेल. परंतु जोडलेल्या नोंदीतील रकानाच कोरा असेल, तर तो कोरेपणा अधिक दूर पोहोचेल, एवढेच.

म्हणून घरच्या पातळीवरही थोडी दक्षता हवी. कुटुंबातील प्रत्येकाचे नाव सर्वत्र एकाच पद्धतीने लिहा. चालू औषधे, न चालणारी औषधे, जुने आजार यांचा एक कागद पाकिटात ठेवा. रुग्णालयातून बाहेर पडताना सारांशपत्र वाचा आणि ‘नाही’ असे जेथे लिहिले असेल, तेथे नम्रपणे विचारा, “हे विचारून लिहिलंय का?” हा प्रश्न कोणाचा अपमान करण्यासाठी नसतो. चांगले डॉक्टर त्याचे स्वागतच करतात.

त्या रुग्णालयालाही मी सविस्तर पत्र लिहिले. दोष कोणा व्यक्तीवर न ठेवता दोन नोंदी आणि एक कोरा रकाना, एवढेच दाखवून दिले. त्यांनी नोंदी एकत्र केल्या. रकान्याचे काम कंपनीकडे पाठवले आहे, असे उत्तर आले. मी दर महिन्याला स्मरणपत्र पाठवतो. बँकेत थकीत कर्जदारांना पाठवत असे, तसेच.

ताईने मात्र वाट पाहिलेली नाही. तिने एका पुठ्ठ्यावर, चष्म्याविना वाचता येईल अशा ठळक अक्षरांत, आपल्याला न चालणाऱ्या औषधांची नावे लिहून पर्समध्ये ठेवली आहेत. मला तो पुठ्ठा दाखवून ती म्हणाली, “बघ भाऊ, माझं हे मशीन कधी बंद पडत नाही.”